प्रकृतीचे फोटो

पिपलानी, भोपाळ
२६ फेब्रुवारी १९८२

तीर्थरूप सौ. कुसुमताईस,

धाकट्या भालचंद्राचा साष्टांग नमस्कार. (साष्टांग लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिलं. उजवा गुडघा अजून पुरता वाकत नाही, तेव्हा सातच अंगांचा धरावा.) तुझा संधिवात आणि बाळकृष्णरावांचा खोकला आपापल्या मर्यादेत असतील अशी आशा आहे. इथे सर्व कुशल. हे 'सर्व कुशल' नेहमीचं नाही, अगदी खरं आहे, आणि ते खरं आहे एवढंच सांगायला मी हे लांबलचक पत्र लिहायला बसलो आहे. ताई, मला काहीही झालेलं नाही. छाती, डोळे, यकृत, सगळं जागच्या जागी आहे. हे वाचून तू आधी देवापुढे साखर ठेव आणि मग पुढचं वाच, कारण पुढचं वाचल्यावर साखर ठेवण्याचा उत्साह राहील असं वाटत नाही.

मूळ गोष्ट कॅमेऱ्यापासून सुरू होते. आमच्या ऑफिसातला एक जण ट्रेनिंगला रशियात गेला होता, त्याने येताना तिथला कॅमेरा आणला. वजन वरवंट्याएवढं, आणि बटण दाबलं की शेजारच्या क्वार्टरचं दार कुणीतरी आपटलं असं वाटतं. त्याच्याच्याने तो पेलेना, म्हणून फिरत फिरत माझ्याकडे आला. मीना सासरी गेली, रिटायरमेंट जवळ आली, बागेतले गुलाब लीला मला हात लावू देत नाही. माणसाला काहीतरी नाद हवाच. त्यात क्लबच्या लायब्ररीत मला परदेशी फोटोग्राफीचे जुने वार्षिक अंक सापडले. (आमच्या टाउनशिपच्या लायब्ररीत कादंबऱ्यांची शेवटची पानं हमखास फाटलेली असतात, पण या अंकांना कुणी हात लावलेला नव्हता.) त्यांत समुद्र, तळी, नद्या यांचे असे काही फोटो होते की पाणी हे पाणी वाटेना. साईचं दूध पसरून ठेवावं तसं पांढरं, निवांत, आणि त्यात एखादा काळा दगड. मी पहिला फोटो पाहिला आणि मला वाटलं, छपाई बिघडली. चौथा पाहिला तेव्हा कळलं की ही मंडळी हे मुद्दाम करतात.

आता हे शिकायचं कुणाकडे? जवाहर चौकातल्या स्टुडिओवाल्याला विचारलं, तर त्याची सगळी विद्या हनुवटी वर आणि खांदा खाली यात संपते, आणि तळ्याला हनुवटी नसते. तेव्हा मी ठरवलं, आपण ड्रॉइंग ऑफिसची माणसं. आम्हाला तोंडी शिकवलेलं आजवर कधी कळलेलं नाही. समोर ड्रॉइंग ठेवा, मशीन कसं केलं ते आम्ही सांगतो. मी त्या अंकांवर ट्रेसिंग पेपर ठेवला आणि एकेका फोटोची रेघ गिरवायला बसलो. क्षितिज कुठे, दगड कुठे, किनारा कोणत्या कोनात आत येतो, सगळं स्केल लावून मोजलं. एक फाइल भरली. लीला म्हणाली, फोटो काढायचे सोडून त्यांचे नकाशे कसले काढताय. पण त्यातूनच मला उमगलं. दगड सुरीसारखा रेखीव आहे, म्हणजे कॅमेरा हललेला नाही. पाणी विरघळलंय, म्हणजे ते हललंय. याचा अर्थ या लोकांनी कॅमेऱ्याचा डोळा बराच वेळ उघडा ठेवला आणि समोरचं जे जे हललं ते सगळं एकमेकांत मिसळू दिलं. याला लाँग एक्स्पोजर म्हणतात हे मला नंतर कळलं. आधी मी ते शोधून काढलं होतं, याची नोंद तू तरी घ्यावीस.

पण दिवसाउजेडी डोळा एवढा वेळ उघडा ठेवला तर सगळा फोटो पांढराफटक. त्यासाठी पुढे काळी काच लागते, ती इथे कुठली मिळायला. मग आमचा शेजारी दिगंबर, जो वेल्डिंग सेक्शनला आहे, त्याने वेल्डरच्या मुखवट्याची काच दिली. ती मी पापडाच्या पुड्यांची रबरबँडं लावून कॅमेऱ्यापुढे बांधली. आता राहिला दगड. माझ्या फाइलीत असं सिद्ध झालं होतं की चांगल्या फोटोत डाव्या कोपऱ्यात एक दगड असतोच. आमच्या जवळच्या हथाईखेड्याच्या तलावावर सगळं आहे, पण डाव्या कोपऱ्यात दगड नाही. तेव्हा मी आणि दिगंबरने एका सकाळी चांगला बसण्याजोगा एक दगड ट्रेसिंगप्रमाणे मोजून जागेवर ढकलत नेला. (गुडघ्याची कथा ती ही. तुला वाटलं तसं ते वातविकाराचं पहिलं लक्षण नव्हे.) पहिला फोटो धुऊन आला तेव्हा मी हरखलो. पाणी साईसारखं, माझा दगड जागेवर, आणि शिवाय मध्यभागी तीन सुरेख काळे दगड, जे मी तिथे कधीच पाहिले नव्हते. निसर्ग आपल्याला साथ देतो म्हणतात ते खरं, असं मी लीलाला सांगत होतो, तेवढ्यात तिने मधल्या दगडाची शिंगं दाखवली. म्हशी पाण्यात शिरून इतक्या स्वस्थ उभ्या राहतात हे त्या परदेशी अंकांत कुठेच दिलेलं नाही.

आता येतो त्या कार्डाकडे. आमच्या क्लबची दर वर्षी स्पर्धा असते. या वर्षी नोटीस बोर्डावर विषय लागला, 'प्रकृति'. हिंदीत त्याचा अर्थ निसर्ग. बावीस वर्षं या गावात काढल्यावर, ताई, माणसाच्या डोक्यात कुठला शब्द कुठल्या खणातला हे राहत नाही. भाजीवाल्याशी एक, साहेबाशी एक, घरात तिसरंच. तर संक्रांतीनंतर तुला कार्ड लिहिताना मी उत्साहाच्या भरात काय लिहून गेलो ते तू पुढच्या पत्रात जसंच्या तसं उतरवून पाठवलंस म्हणून मला कळलं. 'सध्या सगळा वेळ प्रकृतीच्या फोटोंत जातो. लाँग एक्स्पोजर आहे. काढताना अजिबात हलायचे नाही, श्वाससुद्धा रोखून धरायचा. आता काळी काच लावली आहे. समोरचे सगळे हळूहळू विरघळत जाते, पण त्यातही एक शांती आहे. लीलाला यातले अजून फारसे सांगितलेले नाही.' यातलं अक्षर अन् अक्षर खरं आहे. शेवटचं वाक्य ट्रायपॉडच्या खरेदीबद्दल होतं. आपल्याकडे छातीचा फोटो काढतात, काळी काच डोळ्याच्या ऑपरेशननंतर लावतात, आणि शांती कधी लागते ते मी तुला सांगायला नको. माझ्या हे लक्षात यायला हवं होतं असं तू म्हणशील. पण कार्डावर जागा किती असते.

ते कार्ड तू तसंच्या तसं नागपूरला दादाकडे पाठवलंस. तुझं चुकलं नाही. मीही तेच केलं असतं, पण मला ते करता आलं नसतं, कारण दादाला पत्र लिहून मला आठ वर्षं झाली होती. तुला सगळं ठाऊक आहे, तरी माझी बाजू एकदा कागदावर राहू दे. मीनाच्या लग्नपत्रिकेत 'अगत्य येऊन वधूवरांस आशीर्वाद देण्याची चेष्टा करावी' असं छापलं गेलं. हिंदीत चेष्टा म्हणजे प्रयत्न. आमच्या ऑफिसात भिंतीभिंतीवर लिहिलेलं असतं, वेळेवर येण्याची चेष्टा करा, म्हणून. छापणारा हिंदी, खिळे जुळवणारा हिंदी, आणि मजकूर मी घाईत लिहिलेला. (मूळ कागदावर प्रयत्नच होतं असं मला आजही वाटतं. कागद सापडत नाही.) दादाने काय करावं? जन्मभर शाळेत मराठी शिकवलेला माणूस. त्याने पत्रिका लाल शाईने दुरुस्त करून पोस्टाने परत पाठवली. बरोबर एक ओळसुद्धा नाही, आणि लग्नालाही आला नाही. मीनाच्या डोक्यावर अक्षता टाकताना मी दरवाजाकडे बघत होतो, ताई. नंतर मला इतका राग आला की मीही लिहिलं नाही. त्यानेही नाही. एका शब्दासाठी सख्खे भाऊ आठ वर्षं बोलत नाहीत हे सांगायला लाज वाटते, म्हणून आम्ही दोघंही लोकांना सांगत होतो की पोस्टाचं काही खरं नाही.

तर मागच्या महिन्याच्या शेवटी एका सकाळी मी तलावावरून परत येत होतो. डोक्याला मफलर, दाढी वाढलेली, गुडघ्यामुळे पाय ओढत, आणि आधाराला मिटलेला ट्रायपॉड. (हे तीन पायांचं स्टँड मिटलं की थेट कुबडीसारखं दिसतं.) आमच्या क्वार्टरच्या फाटकाशी दादा उभा. हातात पिशवी, खांद्यावर घोंगडी, इटारसीला गाडी बदलून पॅसेंजरने हबीबगंजला उतरून आलेला. केस सगळे पांढरे झालेत त्याचे. मला वाटलं, आता पत्रिकेचा विषय निघणार, आणि मी कंपोझिटरपासून सुरुवात करायच्या तयारीत होतो. त्याने माझ्या हातातून ट्रायपॉड काढून घेतला, माझा दंड धरला आणि म्हणाला,

"भालू, आधी बस."

आठ वर्षांनंतरचे हे तीन शब्द. मी बसलो.

चहा झाल्यावर त्याने विचारलं, फोटो काढलेस म्हणे, दाखव. तोपर्यंत मला कशाचाही पत्ता नाही. मला वाटलं, कुसुमताईने सांगितलं असेल, दादाला कौतुक वाटलं असेल, त्यासाठी आला असेल. माझं मन भरून आलं. मी सगळे प्रिंट आणून त्याच्यापुढे ठेवले. त्याने एकेक उचलून खिडकीशी नेऊन उजेडात धरला. बराच वेळ पाहिलं. मग विचारलं, हे पांढरं पसरलंय ते काय? मी म्हटलं, पाणी. तो म्हणाला, एवढं? मी अभिमानाने सांगितलं, एवढंच नाही, याच्या डावीकडे अजून आहे, ते मावलं नाही. त्याने पुढचा उचलला. आणि हे काळे डाग? म्हटलं, त्या म्हशी आहेत.

दादाने फोटो खाली ठेवला आणि माझ्या कपाळावर हात ठेवला.

ताप बघायला आई ठेवायची तसा, उलट्या बाजूने. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. कार्ड, काळी काच, शांती, सगळं एका क्षणात समोर आलं. 'दादा, अरे मला काही झालेलं नाही' हे वाक्य अगदी ओठांवर होतं. पण तो हात तिथेच होता. मी वाक्य गिळलं, आणि ताई, तुझी शपथ, मी खोकलो.

त्या दिवसापासून मी आजारी आहे. दादाने घराचा ताबा घेतला. मला मुगाची खिचडी, गाळलेलं ताक आणि संध्याकाळी काढा. चहा बंद. मी ऑफिसला जातो त्याला 'लाइट ड्यूटी' म्हणतात असं त्याला सांगितलं आहे, आणि दुपारी कँटीनमध्ये समोसे खाऊन मी जीव टिकवतो. लीलाने पहिल्या दिवशीच सगळं ओळखलं. ती दादाच्या ताटात वांग्याचं भरीत, मिरचीचा ठेचा, गरम भाकरी वाढते आणि माझ्याकडे बघत माझ्या खिचडीवर अर्धा चमचा तूप घालते. दादा जेवणानंतर मला वाचून दाखवतो. मधेच थांबून एखाद्या शब्दाची व्युत्पत्ती सांगतो. मी डोळे मिटून ऐकतो, लहानपणी गोवर आला होता तेव्हा ऐकायचो तसा. तेव्हाही त्यानेच वाचून दाखवलं होतं. तू आत्याकडे होतीस, म्हणून तुला आठवत नसेल.

आता अडचण अशी की स्पर्धा आहे, आणि पहाटे तलावावर गेल्याशिवाय फोटो होणार नाही. मी दादाला सांगितलं, डॉक्टरांनी पहाटेच्या हवेत, पाण्याकाठी, न हलता बसायला सांगितलं आहे, आणि मन रमवायला कॅमेरा. तो म्हणाला, मीही येतो. तेव्हापासून आम्ही स्कूटरवर जातो. मी पुढे, दादा मागे, त्याच्या मांडीवर ट्रायपॉड, थर्मास आणि मला पांघरायला शाल. मी अंकातल्या ट्रेसिंगप्रमाणे कॅमेरा लावतो, काळी काच बांधतो, बटणाची वायर दाबून धरतो. दादा माझ्या त्या दगडावर बसतो. त्याला मी सांगितलं की या फोटोत हलणारं काहीच उमटत नाही, माणूससुद्धा. चालत गेला तर नाहीसाच होतो. त्याला हे फार आवडलं. म्हणाला, वर्गात असा कॅमेरा हवा होता. आणि मग तो पुतळ्यासारखा बसला, आपण उमटतो का ते बघायला. काच एवढी काळी, फिल्मही थंडीत आळसावलेली, त्यामुळे एकेका फोटोला चांगला एक तंबाखूचा विडा चघळून होईल एवढा वेळ लागतो. तेवढा वेळ कुणी बोलायचं नाही. आठ वर्षं आम्ही बोललो नव्हतो, पण हे न बोलणं निराळं होतं. इतकं बरं मला बऱ्याच दिवसांत वाटलेलं नाही. आजारपणात हे म्हणणं चमत्कारिक आहे, पण तसंच आहे.

परवा तो फोटो धुऊन आला. पाणी साधलंय. क्षितिज फाइलीबरहुकूम. दगडावर दादा बसलाय. धोतराची घडी, काठी, पायातल्या वहाणा, सगळं त्या परदेशी लोकांच्या दगडासारखं रेखीव. फक्त डोकं नाही. म्हणजे आहे, पण पुसलेलं, एक पाण्याकडे आणि एक माझ्याकडे, असं दोन्हीकडे वळलेलं. तो मधून मधून वळून माझ्याकडे बघत होता. मला ते कळलंच नाही, मी घड्याळाकडे बघत होतो. क्लबचे सेक्रेटरी म्हणाले, फोटो अच्छा है, लेकिन आदमी प्रकृति में नहीं आता. मी वाद घातला नाही. स्पर्धेला म्हशींचा पाठवला. हा घरी ठेवला आहे.

तर ताई, माझं दुखणं हे एवढंच. दादा मी आजारी आहे म्हणून आला, आजारी आहे म्हणून राहिला, आणि मी बरा आहे हे कळलं की पिशवी उचलून पुन्हा नागपूरला जाईल, आणि या वेळी त्याला फसवल्याचा राग असेल. पण खोटं किती दिवस चालणार? त्याचं वय झालंय, माझ्यासाठी तो पहाटे उठतो, काढा करताना बोटं भाजून घेतो. हे बरं नाही. तेव्हा मी ठरवलं आहे की येत्या रविवारी, जेवण झाल्यावर, त्याला शांतपणे सगळं खरं सांगून टाकायचं. जे होईल ते होईल. तू काळजी करू नकोस, आणि तू पाठवलेला अंगारा मी स्कूटरला लावला आहे.

बाळकृष्णरावांना नमस्कार, अनुराधाला आशीर्वाद.

तुझा, ठणठणीत,
भालचंद्र

ता. क. रविवारी सांगणार नाही. दादाने आज बागेत मेथी पेरली. ती यायला महिना तरी लागेल.

ता. क. दुसरा. खरं म्हणजे पत्र यासाठीच लिहिलं. तू दादाला एक वेगळं पत्र टाक. लिही, की भालूचा आवाज ट्रंक कॉलवर फार खोल गेलेला वाटला, त्याला इतक्यात एकटा सोडू नकोस. माझं नाव त्यात कुठेही येऊ देऊ नकोस. उरलेल्या जागेत लीला नेहमीप्रमाणे दोन ओळी लिहील. हे पत्र दादाच्या हाती पडू नये म्हणून मी पोस्टात टाकायचं काम तिलाच दिलं आहे.

ती. कुसुमवन्सं, सा. न. मी माझ्या दोन ओळी पुढच्या पत्रात लिहीन. मला दोघांनीही आपापलं सांगून ठेवलंय, दुसऱ्याला कळू देऊ नकोस म्हणून, आणि मी कुणालाच काही सांगितलेलं नाही. फक्त हा कागद दादांपुढे ठेवला आणि भाजी निवडायला आत गेले. लीला.

चि. कुसुम हिस दादाचे अनेक आशीर्वाद.

वरील मजकूर मी वाचलेला नाही असे समजावे. त्यातील ऱ्हस्वदीर्घाच्या चुका पेन्सिलीने दुरुस्त केल्या होत्या, त्या पुन्हा खोडरबराने पुसल्या आहेत. एकदा लाल शाईने केली तेवढी दुरुस्ती पुरे. तुझे घाबरलेले पत्र आणि सोबत त्याचे कार्ड मिळाले त्याच दिवशी मी कार्ड दोनदा वाचले. जन्मभर मुलांच्या उत्तरपत्रिका तपासल्या. लिहिणाऱ्याला काय म्हणायचे होते ते मला कळते. भालू आजारी नाही, हे मला नागपुरातच कळले होते. तरी पिशवी भरली. आजारी भावाकडे गाडीत बसून जाता येते, कुणी काही विचारत नाही. रुसलेल्या भावाकडे कसे जायचे ते मला येत नव्हते, त्यातून मी थोरला. इथे येऊन ते फोटो पाहताना हसू आवरेना, म्हणून तोंड फिरवून त्याच्या कपाळावर हात ठेवला. ठेवल्यावर उचलवेना.

तो आजाराचे सोंग बरे करतो, खोकला मात्र चुकीच्या वेळी काढतो. समोशांचा वास मला येतो, मी बोलत नाही. तेव्हा तू त्याने सांगितले आहे तसे पत्र अवश्य लिहावे. काळजी जरा जास्तच दाखवावी. मला चैत्र संपेपर्यंत राहायचे आहे.

दत्तात्रय